खेकडा, धरण आणि खालची वस्ती

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील धरण फुटले आणि त्याच्या खालची भेंदवाडी वाहून गेली. वीसहून अधिक माणसे त्या एका रात्रीत गेली. धरण जेमतेम वीस वर्षांचे होते. भिंतीतून पाणी गळते आहे, असे गावकरी आधीपासून सांगत होते. दुर्घटनेनंतर राज्याच्या त्या वेळच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांनी भिंत पोखरल्यामुळे धरण फुटले, असे कारण दिले. महाराष्ट्रभर त्या विधानाची टवाळी झाली. खेकडे घेऊन निदर्शने झाली. मग नेहमीप्रमाणे विषय मागे पडला.

या लेखात त्या खेकड्याची थट्टा करण्याचा हेतू नाही. ते विधान गंभीरपणे घ्यावे आणि त्याच्या मागे शेवटपर्यंत जावे, असे मला वाटते. तिवरे येथे नेमके काय घडले याचा निवाडा करणे हे या लेखाचे काम नव्हे. परंतु खेकडा धरण फोडू शकतो काय, या प्रश्नाचे उत्तर धरणाखाली राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे. चळवळीत काम करणाऱ्या आपल्या मुलांना तर ते असलेच पाहिजे.

मातीचे धरण म्हणजे नदीच्या पात्रात आडवा घातलेला मातीचा ढीग नव्हे. त्याच्या पोटात चिकण मातीचा गाभा असतो. पाणी अडवण्याचे काम हा गाभा करतो. गाभ्याच्या दोन्ही अंगांना मुरमाड मातीचे कवच असते आणि ते गाभ्याला उभे धरते. पाण्याकडच्या उतारावर दगडांचे अस्तर असते. कामावरची माणसे त्याला पिचिंग म्हणतात. लाटांनी माती खरवडली जाऊ नये म्हणून ते असते. गाभ्याच्या मागे आणि पायथ्याशी वाळू-खडीची गाळणी असते. भरावाखालून शेतीला पाणी सोडणारा नळ जातो, तो विमोचक. आणि धरण भरल्यावर जादा पाणी निघून जावे म्हणून बाजूला ठेवलेली वाट, ती सांडवा.

कोणतेही मातीचे धरण संपूर्ण कोरडे नसते. थोडे पाणी त्याच्यातून झिरपतेच. ते झिरपणार हे गृहीत धरूनच गाळणी घातलेली असते. गाळणीचे काम असे की पाण्याला जाऊ द्यायचे आणि मातीला थांबवून धरायचे. म्हणून पायथ्याशी येणारे पाणी नितळ आहे आणि त्याचे प्रमाण वर्षानुवर्षे सारखे आहे, तोपर्यंत भिंत आपले काम करते आहे असे समजावे. पाणी गढूळ येऊ लागले, म्हणजे ते आपल्याबरोबर भिंतीची माती घेऊन येत आहे. आज चिमूटभर माती, उद्या मूठभर. पाणी बाहेर पडते तेथून आतल्या दिशेने, जलाशयाकडे, बोगदा तयार होत जातो. एकदा तो जलाशयाला भिडला की काही तासांत भिंतीला खिंडार पडू शकते. अभियंते याला पायपिंग म्हणतात. जगभर मातीची धरणे ज्या प्रमुख कारणांनी फुटली त्यांत हे एक आहे.

आता खेकड्याकडे येऊ. खेकड्याचे, घुशीचे, उंदराचे बीळ पाण्याची ही वाट आखूड करते. वारूळही तेच करते. भिंतीवर बाभूळ वाढते आणि तिची मुळे खोल जातात. पुढे झाड मेले म्हणजे मूळ कुजते आणि त्याच्या जागी मातीत पोकळ नळी शिल्लक राहते. तेव्हा बीळ धोक्याचे असते, हे खरे आहे. पण त्याच कारणाने बिळांची, वारुळांची आणि झाडांची नोंद धरणाच्या तपासणीत घ्यावयाची असते. बीळ एका रात्रीत धरण फोडत नाही. आधी बीळ दिसते. मग भिंतीच्या मागच्या उतारावर ओल दिसते, तेथे भर उन्हाळ्यात हिरवे गवत दिसते. मग झरा दिसतो, आणि नंतर तो गढूळ होतो. या प्रत्येक पायरीवर कोणीतरी ते पाहावयाचे असते, वहीत लिहावयाचे असते, वरिष्ठाला कळवावयाचे असते आणि बुजवून घ्यावयाचे असते. भिंत खेकड्याने पोखरली असे मानले, तरी त्या भिंतीवरून चालत जाऊन बीळ पाहणारा माणूस कोठे होता, हा प्रश्न उरतोच.

हा माणूस कोण असतो, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. आमच्या गावाशेजारचा पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळात झाला. माझी आई त्याच्या भरावावर घमेली वाहत होती. तिच्याबरोबर आमच्या वस्तीतली जवळजवळ सगळी बायामाणसे होती. मातीचा थर टाकायचा, पाणी मारायचे, धुमसाने ठोकायचे, पुन्हा थर टाकायचा, असे ते काम चाले. ठोकणे कमी पडले तर काय होते, हे आईला कोणी शिकवले नव्हते. पण ज्या दिवशी मुकादम घाई करी त्या दिवशीचा थर भुसभुशीत राही, हे तिला पायाला कळत असे. तलाव झाला. पाणी वरच्या आळीच्या विहिरींना लागले. आमच्या लोकांकडे जमीनच नव्हती, त्यामुळे विहिरीचा प्रश्न नव्हता. आमची वस्ती तलावाच्या खाली, ओढ्याच्या काठाला होती आणि आजही आहे. तलावाच्या भिंतीवर आता बाभळी आहेत. कोणी एके काळी नेमलेला रखवालदार निवृत्त झाल्यावर त्याच्या जागी दुसरा आला नाही.

दुष्काळी कामांवर आणि पुढे रोजगार हमीवर महाराष्ट्रात असे पाझर तलाव मोठ्या संख्येने बांधले गेले. त्यांतील पहिल्या पिढीचे तलाव आता पन्नाशी ओलांडून गेले आहेत. मोठ्या धरणांचीही गोष्ट वेगळी नाही. देशातील मोठ्या धरणांपैकी सर्वाधिक, दोन हजारांहून अधिक, धरणे महाराष्ट्रात आहेत. देशातील सुमारे ऐंशी टक्के मोठी धरणे पंचवीस वर्षांहून जुनी आहेत आणि दोनशेहून अधिक धरणांनी शंभरी गाठली आहे. वय झाले म्हणजे धरण फुटणारच, असे मात्र मुळीच नाही. म्हातारे माणूस निगा राखली तर चांगले जगते आणि हयगय केली तर तरुणही दगावतो. धरणाचेही तसेच आहे.

याची दोन उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. प्रवरा नदीवरचे भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले. ऐंशी मीटरहून उंच असलेली ही भिंत दगड आणि चुन्याची आहे. दगडी धरणाचे म्हातारपण मातीच्या धरणाहून वेगळे असते. झिरपणारे पाणी चुना विरघळवून बाहेर आणते, भिंतीवर पांढरे ओघळ दिसू लागतात आणि सांधे पोकळ होत जातात. शिवाय भिंतीच्या खाली शिरलेले पाणी भिंतीला वर उचलू पाहते. ते पाणी निघून जावे म्हणून ठेवलेली भोके चुन्याने बुजली, तर हा दाब वाढत जातो. भंडारदऱ्याला १९६९ साली मोठी गळती आणि तडा आढळला. भिंतीला मागून आधार देऊन ती मजबूत करण्यात आली. धरण आजही उभे आहे. दुसरे उदाहरण कोयनेचे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने कोयना धरणाच्या भिंतीला वरच्या भागात आडवे तडे गेले. ते भरण्यात आले आणि पुढे भिंतीला आधार देण्यात आला. तेही धरण उभे आहे. दोन्ही ठिकाणी दोष दिसला, तो मान्य केला गेला आणि त्यावर पैसा खर्च झाला. या तीन गोष्टी घडल्या की जुने धरण टिकते.

धरणाला दुसरा धोका वरून येणाऱ्या पाण्याचा. सांडव्याची रुंदी एका विशिष्ट पुराचा हिशेब करून ठरवलेली असते. त्याहून मोठा पूर आला, किंवा दरवाजे वेळेवर उघडले नाहीत, तर पाणी भिंतीच्या माथ्यावरून वाहू लागते. दगडी भिंत ते काही काळ सोसू शकते. मातीची भिंत सोसू शकत नाही. गुजरातमधील मच्छू नदीवरचे दुसरे धरण ११ ऑगस्ट १९७९ रोजी असेच फुटले. त्या दिवशी आलेला पूर सांडव्याच्या क्षमतेच्या जवळजवळ तिप्पट होता आणि काही दरवाजे उघडलेच नाहीत. दोन्ही बाजूंचे मातीचे भराव वाहून गेले आणि खालच्या मोरबी शहरात हजारो माणसे मेली. जुन्या धरणांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक अवघड होतो. पन्नास-शंभर वर्षांपूर्वी पुराचा हिशेब ज्या थोड्या नोंदींवरून केला, त्या आता अपुऱ्या ठरतात. पावसाची तऱ्हा बदलली आहे. एका दिवसात महिन्याचा पाऊस पडतो. तेव्हा जुन्या सांडव्याचा हिशेब नव्याने मांडणे हाही निगेचाच भाग आहे.

पुण्याचा १२ जुलै १९६१ हा दिवस आणखी एक गोष्ट शिकवतो. पानशेतचे मातीचे धरण अपुरे असतानाच त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठले. विमोचकाच्या नळाच्या काँक्रीटमध्ये लोखंडी सळ्या नव्हत्या आणि दरवाज्यांचे काम पुरे झालेले नव्हते. नळ खचला, त्यावरचा भराव खचला आणि पाणी माथ्यावरून गेले. पण पुण्यात पोचण्याआधी त्या लोंढ्याच्या वाटेत खडकवासल्याचे दगडी धरण होते. एकोणिसाव्या शतकापासून उभी असलेली ती भिंतही फुटली. म्हणजे एका धरणाची सुरक्षितता त्याच्या वरच्या धरणावर अवलंबून असते. आपल्या गावच्या धरणाची चौकशी करताना त्याच नदीवर वर काय काय आहे, हेही विचारले पाहिजे.

येथपर्यंत शास्त्र झाले, आणि ते फारसे अवघड नाही. मग ते अमलात का येत नाही? पैसा नाही, माणसे नाहीत, ही उत्तरे आपण नेहमी ऐकतो. ती खोटी नाहीत, पण पुरेशीही नाहीत. नवे धरण बांधण्यासाठी पैसा मिळतो, कोनशिला बसते, फोटो निघतात. जुन्या धरणाच्या भिंतीवरची झुडपे तोडली म्हणून कोणाचा फोटो निघत नाही. दरवाज्यांना वंगण घालणे, पायथ्याचा चर मोकळा ठेवणे, खचलेले पिचिंग पुन्हा बसवणे, झिरपणाऱ्या पाण्याचे माप रोज वहीत लिहिणे, या कामांना आपल्या समाजात प्रतिष्ठा नाही. ज्या समाजाने झाडणे, उपसणे, धुणे, दुरुस्त करणे ही सारी कामे हजारो वर्षे खालच्या मानलेल्या जातींवर ढकलली आणि मग ती करणाऱ्यालाच हीन ठरवले, त्या समाजाच्या शासनात निगेचे काम शेवटच्या ओळीत जावे, याचे नवल वाटण्याचे कारण नाही. जातिव्यवस्थेने माणसाची किंमत कमी केली, हे आपण सांगत आलो आहोत. तिने कामाचीही किंमत पाडली, आणि त्याचा परिणाम धरणाच्या भिंतीपर्यंत पोचतो, हे सांगणे बाकी आहे.

धरणाच्या भिंतीवर प्रत्यक्ष चालणारा माणूस बहुधा हजेरीपटावरचा मजूर किंवा चौकीदार असतो. झरा गढूळ झाला हे त्यालाच पहिल्यांदा दिसते. पण त्याच्या शब्दाला कार्यालयात काय वजन असते? त्याने सांगितले आणि कोणी लिहून घेतले नाही, तर त्याचे ज्ञान वाया जाते. आणि दुर्घटना घडली की निलंबनाची पहिली कुऱ्हाड पुष्कळदा खालच्याच माणसावर पडते. ज्याच्या डोळ्यांवर सगळ्यांचा जीव अवलंबून आहे त्याला कायम नोकरी, विजेरी, दुर्बीण, चालू असलेला फोन आणि लिहिण्याचा अधिकार असला पाहिजे. ही मागणी कामगारांच्या हक्काची आहे आणि सार्वजनिक सुरक्षिततेचीही आहे.

दुसरा प्रश्न धरणाखाली राहणाऱ्यांचा. अनेक गावांत आपली वस्ती गावकुसाबाहेर, सखल जागी, ओढ्या-नाल्याच्या काठाला आहे. ती जागा आपण निवडलेली नव्हती. पूर आल्यावर मात्र सांगितले जाते की तुम्ही पूररेषेत अतिक्रमण केले. महाराष्ट्रात पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल रेषा आखण्याची पद्धत आहे. धरण फुटले तर पाणी कोठवर आणि किती वेळात येईल, याचा नकाशा याहून वेगळा असतो. तो धरणाच्या आपत्कालीन कृती आराखड्यात असावा लागतो. कोणी कोणाला कळवायचे, भोंगा कोठे वाजवायचा, माणसांनी कोणत्या उंचवट्यावर जायचे, हेही त्यातच असते. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१७ च्या अहवालानुसार मार्च २०१६ मध्ये देशातील ४,८६२ मोठ्या धरणांपैकी केवळ ३४९ धरणांचे असे आराखडे तयार होते. म्हणजे शंभरांत सात. बाकीच्या धरणांखाली राहणाऱ्यांनी रात्री कोठे पळायचे, हे कोणी लिहूनच ठेवलेले नव्हते.

त्यानंतर संसदेने धरण सुरक्षितता कायदा, २०२१ मंजूर केला. तो ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर प्रत्येक धरणाची तपासणी करणे, पाच वर्षांच्या आत, म्हणजे २०२६ च्या अखेरीपर्यंत, आपत्कालीन आराखडा तयार करणे आणि स्वतंत्र तज्ज्ञांकडून सर्वंकष मूल्यमापन करून घेणे, ही कामे या कायद्याने धरणाच्या मालकावर टाकली. मालक म्हणजे बहुतेक ठिकाणी शासनच. कायदा चांगला आहे, पण त्याच्या दोन उणिवा आपल्या दृष्टीने मोठ्या आहेत. पहिली ही की, पंधरा मीटरहून उंच धरणे, आणि दहा ते पंधरा मीटर उंचीची काही विशिष्ट अटी पुऱ्या करणारी धरणे, एवढीच त्याच्या कक्षेत येतात. माझ्या आईने ज्यावर घमेली वाहिली तसले लहान तलाव बाहेर राहतात. वस्तीला लागून मात्र तेच असतात. दुसरी ही की, धरण फुटून ज्यांचे गेले त्यांच्या भरपाईची तरतूद या कायद्यात नाही.

या साऱ्याचा आपल्या चळवळीशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध जुना आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला आपण पाण्याला हात लावला. त्यानंतर पंधरा वर्षांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य झाले आणि सिंचन व वीज हे विषय त्यांच्या खात्यात आले. दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी त्या काळात झाली. मध्यवर्ती जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग १९४५ साली स्थापन झाला, तोही त्यांच्याच कारकिर्दीत. आजचा केंद्रीय जल आयोग त्याच आयोगातून आला. म्हणजे देशातील धरणांच्या तांत्रिक देखरेखीची सर्वोच्च यंत्रणा ज्या मुळातून वाढली, त्याला बाबासाहेबांचा हात लागलेला आहे. आधुनिक धरणाला त्यांनी शत्रू मानले नाही. नदीचे पाणी शास्त्राने आवरता येते आणि त्याचा लाभ सर्वांना मिळाला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. या भूमिकेचा उरलेला अर्धा भाग आपण पुरा केला पाहिजे. लाभ वरच्यांना आणि जोखीम खालच्यांना, ही वाटणी आपण मान्य करता कामा नये. धरणाविषयीची माहिती हीसुद्धा पाण्याइतकीच सार्वजनिक मालमत्ता आहे.

शिक्षक, विद्यार्थी आणि कार्यकर्ते यांना करता येण्यासारखे काम फार मोठे नाही, पण ते नेमाने करावे लागेल. आपल्या वस्तीच्या वर कोणकोणते तलाव व धरणे आहेत, त्यांची यादी करावी. प्रत्येकाचा मालक शोधावा. तो जलसंपदा विभाग असेल, मृद व जलसंधारण विभाग असेल किंवा जिल्हा परिषद असेल. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा वापरून मागच्या दोन तपासण्यांचे अहवाल, दुरुस्तीवर झालेला खर्च आणि आपत्कालीन आराखडा यांच्या प्रती मागाव्यात. तपासणीत दाखवलेला दोष पुढच्या वर्षीच्या अहवालात तसाच असेल, तर तेवढे एक वाक्य ग्रामसभेत मोठ्याने वाचावे. मे महिन्यात आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये दहा-पाच जणांनी भिंत लांबून पाहावी. माथा कोठे खचला आहे काय, दगडांचे अस्तर सुटले आहे काय, सांडव्याच्या वाटेत कोणी बांध घातला आहे काय, मागच्या उतारावर नवी ओल आहे काय, हे लिहून काढावे. ओढ्याने जाऊन राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे. पूर्वी पाणी कोठून झिरपत होते आणि आता कोठून झिरपते, हे त्यांना ठाऊक असते.

आणि पायथ्याशी झरा दिसला तर एक काचेची बाटली बरोबर घ्यावी. तिच्यात ते पाणी भरून तासभर उजेडात ठेवावे. पाणी नितळ राहिले तर तारीख लिहून ठेवावी आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पाहावे. तळाशी माती बसली, तर ती बाटली घेऊन त्याच दिवशी कार्यालयात जावे, लेखी अर्ज द्यावा आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय तेथून उठू नये.